हस्तकला मेळ्यातील कागदकामाचे पहिले प्रात्यक्षिक कसे आखावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक वर्षे घरी ओरिगामी, पॉप-अप कार्डे आणि थोडे क्विलिंग (कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी) केल्यानंतर तुम्हाला एका हस्तकला मेळ्यात दोन तास प्रात्यक्षिक देण्याचे पहिलेच निमंत्रण आले आहे. या तिन्हींपैकी काय दाखवावे, साहित्य कोणते आणि किती न्यावे, लोकांसमोर हात थरथरले तर काय करावे, लहान मुलांच्या हाती कात्री द्यावी की नाही, आणि तुमचे सर्वांत अवघड काम, म्हणजे पूर्ण व्हायला कित्येक तास लागणारा ओरिगामीचा ड्रॅगन, तिथे करून दाखवावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी कागदकाम शिकवते आणि मेळ्यांमध्ये प्रात्यक्षिकेही देते. त्या अनुभवावरून मला जे योग्य वाटते ते कारणांसह मांडते.

तुमचे बहुतेक प्रश्न साहित्याविषयी आणि धीराविषयी आहेत, पण खरी अडचण माझ्या मते वेगळ्या ठिकाणी आहे. वर्गात सगळे एका वेळी येऊन बसतात आणि पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत तुमच्याबरोबर असतात. मेळ्यातला प्रेक्षक मात्र चालता असतो. तो तुमच्या टेबलापाशी पोहोचतो तेव्हा तुमचे काम अर्ध्यावर आलेले असते, आणि ते पूर्ण होण्याआधीच सोबतचे कोणीतरी त्याला पुढे बोलावते. तुम्ही हाती घेतलेली वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारा माणूस क्वचितच भेटतो. ही गोष्ट मनात पक्की झाली की काय दाखवायचे, किती मोठा कागद घ्यायचा आणि काय बोलायचे, हे सगळे निर्णय तिच्यावरून ठरवता येतात. कोणत्याही क्षणी आलेल्या माणसाला मिनिटभरात तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: समोर काय चालले आहे, ते शेवटी कसे दिसणार आहे, आणि त्यातले त्याला स्वतःला काय करता येईल.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून राहतील, आणि त्या विचारल्याशिवाय कोणीही तुम्हाला नेमका सल्ला देऊ शकणार नाही. आयोजकांकडून टेबलाची लांबी-रुंदी, जागा बंदिस्त आहे की उघड्यावर, लोक एकाच बाजूने येणार की चारही बाजूंनी, दोन-चार खुर्च्या मिळतील का आणि उजेड कोणत्या दिशेने असेल, एवढे आधीच विचारून घ्यावे. जागा उघड्यावर असेल तर वाऱ्याइतकाच त्रास दमट हवेचा होतो. कागदाचे तंतू ओलावा शोषून फुगतात, ते लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, त्यामुळे कागद मऊ पडतो, त्याच्या कडा लहरी होतात आणि घडी टोकदार बसत नाही. अशा ठिकाणी कागद बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत, लागतील तेवढेच बाहेर काढावेत आणि बाहेरच्या गठ्ठ्यावर एखादे सपाट वजन ठेवावे. प्रेक्षकांत मुले अधिक असतील तर दाखवण्यापेक्षा करून घेण्याकडे कल ठेवावा, आणि मोठी माणसे अधिक असतील तर बोलण्याला थोडा जास्त वेळ द्यावा.

आता काय दाखवावे याकडे वळते. ड्रॅगन तिथे करायला घेऊ नका. तो पूर्ण झालेला, काचेखाली किंवा उंच ठेवून टेबलावर असू द्या. लांबून लोकांचे लक्ष वेधण्याचे काम तो उत्तम करील. पण तो घडवत असताना तुमची मान खाली राहील, बोलणे थांबेल, आणि समोरच्याला दोन मिनिटांत फक्त एक चुरगळल्यासारखा दिसणारा कागद दिसेल. अवघड कामातले मधले टप्पे पाहणाऱ्याला काहीच सांगत नाहीत, हा त्यातला मुख्य दोष आहे. मेळ्यासाठी अशी वस्तू हवी जिचा प्रत्येक टप्पा पाहताक्षणी समजतो आणि जिच्यात एक क्षण असा असतो की पाहणाऱ्याच्या तोंडून ‘अरे!’ असे आपसूक निघते.

तुम्ही पॉप-अप कार्डे करता, त्यामुळे मी पायरीचे पॉप-अप निवडायला सांगेन. जाडसर कागदाचे एक कार्ड मधोमध दुमडायचे. दुमडलेल्या कडेपासून आत जाणारे दोन समांतर काप कात्रीने द्यायचे. त्या दोन कापांमधली पट्टी एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडून तिच्या मुळाशी घडी नीट उमटवून घ्यायची. मग कार्ड काटकोनात उघडायचे आणि ती पट्टी मागच्या बाजूने बोटाने आत ढकलायची. सपाट कागदातून एकाएकी खोकी उभी राहते, आणि कार्ड मिटले की ती पुन्हा सपाट होते. ना गोंद लागतो, ना मोजमाप, ना कटर. हे सगळे मिनिटभरात होते, त्यामुळे जो माणूस मध्येच आला त्याला पुढची आवृत्ती लगेच पाहायला मिळते.

या साध्या रचनेत शिकवण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि मला ती त्यासाठीच विशेष प्रिय आहे. काप जितका खोल, त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत ती पट्टी मिटलेल्या कार्डात पोहोचते. मिटलेले कार्ड 10 सेंटीमीटर रुंद असेल आणि काप 4 सेंटीमीटर खोल असेल, तर पट्टीचे टोक 8 सेंटीमीटरपर्यंत जाते आणि आत व्यवस्थित लपते. काप 6 सेंटीमीटर घेतला तर ते टोक 12 सेंटीमीटरवर, म्हणजे कार्डाच्या बाहेर डोकावते. हा नियम तोंडाने न सांगता अशी दोन कार्डे शेजारी ठेवून दाखवावा. दोन्ही मिटून दाखवली की लोक स्वतःच कारण शोधू लागतात. त्यापुढे, पहिल्या खोकीमुळे ज्या नव्या घड्या तयार झाल्या त्यांच्यावर पुन्हा तसेच छोटे काप दिले की जिना होतो, आणि त्या जिन्यावर आणखी काप दिले की इमारत. तुम्ही घरी केलेले एखादे गुंतागुंतीचे कार्ड याच्या शेजारी ठेवले तर एका मिनिटाच्या कामापासून तिथपर्यंतचा रस्ता पाहणाऱ्याला आपोआप दिसतो.

ओरिगामीतला एखादा नमुना करून घ्यायचाच असेल तर पारंपरिक मासू, म्हणजे चौरस कागदाची उघडी डबी घ्या. तिचे गणितही हाताशी असू द्या, कारण ‘एवढ्या कागदाची केवढी डबी होते?’ हे हमखास विचारले जाते. 15 सेंटीमीटरच्या चौरसातून सुमारे 5.3 सेंटीमीटर बाजूची आणि त्याच्या निम्म्या उंचीची डबी होते, म्हणजे डबीची बाजू कागदाच्या बाजूच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक असते. करकोचा सगळ्यांना हवासा वाटतो, परंतु त्यातली पाकळीची घडी नवख्याला अडवते, तिथे तुम्ही एकाच व्यक्तीपाशी बराच वेळ अडकून पडता आणि बाकीचे लोक निघून जातात. त्यामुळे करकोचा दाखवावा, पण गर्दीत शिकवू नये. क्विलिंगविषयी एवढेच सांगते की त्यातले काम फार बारीक असते आणि टेबलापलीकडून दिसत नाही. त्याची एक पूर्ण चौकट मांडून ठेवा आणि कोणी विचारलेच तर एक पट्टी गुंडाळून दाखवा.

मधेच येणाऱ्या प्रेक्षकासाठी सर्वांत उपयोगी पडते ती टप्प्यांची पट्टी. एकच वस्तू पाच-सहा वेळा करावी, प्रत्येक वेळी निराळ्या टप्प्यावर थांबावे आणि त्या अर्धवट वस्तू एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवाव्यात. मासूच्या बाबतीत पहिला टप्पा फक्त दोन कर्णांच्या घड्यांचा, दुसरा चारही कोपरे मध्यावर आणलेला, तिसरा दोन बाजू आत घेतलेला, असे करत शेवटी डबी. ओळ प्रेक्षकाच्या डावीकडून उजवीकडे गेली पाहिजे, तुमच्या नव्हे, आणि मांडताना हे हमखास उलटे होते, म्हणून पुठ्ठा लावल्यावर टेबलाच्या पलीकडे जाऊन एकदा पाहून घ्यावे. कोणी नवीन आले की हातातले काम न थांबवता त्या ओळीकडे बोट दाखवून ‘मी आत्ता इथे आहे’ एवढे म्हटले की पुरते.

त्या पट्टीवर शब्दांऐवजी घड्यांच्या खुणा काढाव्यात. आतल्या बाजूला येणाऱ्या घडीसाठी तुटक रेघ आणि बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या घडीसाठी एक रेघ-एक टिंब अशी रेघ, ही पद्धत जगभर चालते. तिचा पाया जपानमधील अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी घातला, आणि पुढे सॅम्युएल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी ती पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेली. यांपैकी हार्बिन हे व्यवसायाने जादूगार होते, ही गोष्ट मी प्रात्यक्षिक देणाऱ्यांना आवर्जून सांगते. हातातली वस्तू कुठे धरली की ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसते, याचा विचार जादूगार सतत करतो. तोच विचार आपल्यालाही करायला हवा.

म्हणूनच कागदाचा आकार महत्त्वाचा ठरतो. तुमच्या हातातला कागद 25 ते 30 सेंटीमीटर बाजूचा असावा, आणि लोकांच्या हाती द्यायचे कागद 15 सेंटीमीटरचे. मात्र मोठा कागद पातळ असेल तर हातात लोंबतो आणि घडी उचलून दाखवता येत नाही. 15 सेंटीमीटरच्या चौरसाला 70 ते 80 ग्रॅमचा कागद पुरतो, तर 30 सेंटीमीटरला 100 ते 120 ग्रॅमचा घ्यावा. ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे वजन. ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतात, म्हणून 80 ग्रॅमच्या ए-फोर कागदाचे वजन 5 ग्रॅमच्या आसपास भरते. पॉप-अपसाठी 160 ते 220 ग्रॅमचे कार्डशीट ठीक. दोन बाजूंना दोन रंग असलेला कागद वापरला तर कोणती बाजू आत गेली आणि कोणती बाहेर आली हे लांबूनही कळते. टेबलावर गडद, एकरंगी कापड अंथरावे, नक्षीदार नको, कारण नक्षीवर घड्यांच्या रेघा हरवतात.

जाड कागदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरीच तपासून घ्यावी, ती म्हणजे तंतूंची दिशा, ज्याला छपाईवाले ग्रेन म्हणतात. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू एकाच दिशेला वळतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ आणि स्वच्छ बसते, आडवी घातलेली घडी खरबरीत होते आणि जाड कार्डशीटवर तिथे रंगाचा थर तडकतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: कागद न दुमडता दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहावा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू असतात. कार्डाची मुख्य दुमड त्याच रेषेवर येईल असे कागद कापून ठेवावेत. लोकांसमोर हा प्रयोगही करून दाखवण्यासारखा आहे. रोज कागद हाताळणाऱ्या माणसांनाही तो नवा असतो, आणि दोघे-तिघे तरी लगेच आपल्या हातातले माहितीपत्रक वाकवून पाहू लागतात. घडी घालण्याआधी बोन फोल्डरने, म्हणजे घडी दाबण्याच्या बोथट, चपट्या हत्याराने, किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून एक दाबरेघ ओढली, तर जाड कागदही ऐकतो.

साहित्याच्या तयारीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे चौरस कापणे. चौरस एक मिलिमीटरने जरी चुकला तरी पहिल्या दोन घड्यांत तो दोष दिसत नाही, पुढे मात्र टोके जुळेनाशी होतात, आणि नवखा माणूस तो दोष आपल्या हाताला लावून घेतो. एका वेळी थोडेच कागद कापावेत, कारण गठ्ठा जाड असला की पाते खालच्या कागदांवर सरकते. ए-फोर कागदातून 21 सेंटीमीटरचा चौरस काढल्यावर सुमारे 9 सेंटीमीटर रुंदीची पट्टी उरते. ती फेकू नये, पायरीच्या पॉप-अपचा सराव लोकांना त्या पट्टीवर करू द्यावा. किती कागद न्यावेत याचे उत्तर गर्दीवर अवलंबून आहे, पण कागद उरलेले परवडतात, संपलेले परवडत नाहीत.

आता समोरासमोर शिकवण्याविषयी, कारण पहिल्या प्रात्यक्षिकात सर्वाधिक गोंधळ इथे उडतो. तुम्ही टेबलाच्या अलीकडे आणि शिकणारा पलीकडे असेल तर तुमची उजवी बाजू त्याची डावी असते, तुमच्याकडचे टोक त्याला दूरचे वाटते, आणि ‘उजवे टोक वर आणा’ या वाक्याचा दोघांसाठी वेगवेगळा अर्थ होतो. यावर दोन उपाय आहेत. शिकणाऱ्याला टेबलाच्या कोपऱ्याशी, तुमच्या शेजारच्या बाजूला घ्या, म्हणजे दोघांच्या कागदांची दिशा जवळजवळ एकच राहते. ते शक्य नसेल तर डावे-उजवे हे शब्दच टाळून खुणेने बोला: ‘रंगीत टोक पांढऱ्या टोकावर आणा’, ‘आत्ता घातलेल्या घडीवर ही कड टेकवा’. कागदाच्या एका कोपऱ्यावर पेन्सिलीचे टिंब काढून ठेवले की बोलणे आणखी सोपे होते.

शिकणाऱ्याचा हात अडला की आपला हात आपोआप त्याच्या कागदाकडे जातो. तो आवरायला हवा. त्याची घडी तुम्ही घातलीत तर ती वस्तू त्याची राहत नाही, आणि पुढच्या घडीला तो पुन्हा तुमच्याकडेच पाहतो. आपल्या हातात नेहमी दुसरा कागद ठेवावा, अडलेली घडी त्यावर सावकाश करून दाखवावी, उलगडून पुन्हा एकदा दाखवावी आणि थांबावे. त्या थांबण्याला धीर लागतो, विशेषतः मागे माणसे ताटकळत असताना. पण पाच-सहा वर्षांचे मूल जेव्हा दोन कडा जुळवून, एका हाताने दाबून धरून, दुसऱ्या हाताचा अंगठा मध्यापासून बाहेर फिरवते आणि घडी धारदार झाली की मान वर करून पाहते, तेव्हा आपण मेळ्याला का आलो हे वेगळे सांगावे लागत नाही. मुलाचे पालकही घाईने मदतीला धावतात. त्यांनाही एक कागद द्यावा, म्हणजे त्यांचे हात गुंततात.

इथवरचे एकत्र करायचे तर: एक झटपट होणारी वस्तू मुख्य, एक दुय्यम, अवघड कामे फक्त मांडण्यासाठी, टप्प्यांची ओळ प्रेक्षकाच्या दिशेने, आणि तुमच्या हातात मोठा कागद. आता धीर, पाती आणि गोंद.

हात थरथरण्याविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे, आणि ते स्वाभाविक आहे. थरथर सर्वाधिक जाणवते ती हवेत धरलेल्या हातात. म्हणून सुरुवातीची कामे अशी निवडा की मनगटे टेबलाच्या कडेवर टेकलेली असतील आणि हाताला दाब द्यावा लागेल. पट्टी धरून दाबरेघा ओढणे हे त्यासाठी अगदी योग्य काम आहे: ते पाहायला नेटके दिसते, बिघडत नाही आणि त्यात बोलताही येते. कागद उचलून दाखवायचा असेल तर कोपरे शरीराला टेकवून दोन्ही हातांनी धरावा. थोड्या वेळाने लक्ष प्रश्नांकडे जाते आणि हात स्थिर होतो. मेळ्याआधी घरी सराव करताना मोठ्याने बोलत करावा, आणि कोणालातरी समोर बसवून मुद्दाम मध्ये प्रश्न विचारायला सांगावे. शांतपणे करताना लागतो त्यापेक्षा बोलत करताना बराच अधिक वेळ लागतो, आणि तो किती हे आधी माहीत असलेले बरे.

काय बोलावे याचा नियम मी असा ठेवते की घडी घालण्याआधी ती सांगावी, घालताना गप्प राहावे, आणि घातल्यावर कागद उचलून दाखवावा. हात चालू असताना बोललेले लोक ऐकत नाहीत, कारण त्यांचे डोळे हाताकडे असतात. दर काही मिनिटांनी, नवे चेहरे दिसले की, एक वाक्य पुन्हा म्हणावे: ‘हे एकच कार्ड आहे, गोंद वापरलेला नाही, यातून खोकी उभी राहणार आहे.’ तेच वाक्य तुम्हाला कंटाळवाणे वाटेल. ऐकणाऱ्यासाठी ते पहिल्यांदाच म्हटलेले असते.

कात्रीविषयी तुमचा प्रश्न रास्त आहे. मुलांच्या हाती बोथट टोकाची कात्री द्यायला हरकत नाही, मात्र बसून, आणि पालक शेजारी असताना. गर्दी इतकी असेल की बसायला जागाच नाही, तर काप आधीच देऊन ठेवलेली कार्डे द्यावीत आणि घडी घालून खोकी ढकलण्याचे काम त्यांच्याकडे ठेवावे, कारण खरा आनंद त्यातच आहे. कटरची गोष्ट वेगळी. कटरचे काम टेबलाच्या तुमच्या बाजूला, कटिंग मॅटवर, धातूची पट्टी धरून करावे. पट्टीवरची बोटे कडेपासून आत असावीत आणि पाते कधीही समोर उभ्या असलेल्यांच्या दिशेने ओढू नये. हातातून सुटला रे सुटला की पाते आत घ्यावे, मग कोणी हाक मारो वा प्रश्न विचारो. मोडलेली आणि बोथट पाती झाकणाच्या डबीत टाकावीत, कचऱ्याच्या पिशवीत नकोत. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि ते घसरते, म्हणून काम सुरू करण्याआधी नवे पाते लावून घ्यावे.

गोंदाचा उपयोग मेळ्यात जितका कमी तितका बरा. पांढऱ्या गोंदात पाणी असते, ते कागदात शिरले की तंतू फुगतात आणि कागद सुरकुततो, शिवाय वाळेपर्यंत वस्तू हातात धरून बसावे लागते. जिथे चिकटवणे अपरिहार्य आहे तिथे प्रात्यक्षिकात दुहेरी चिकटपट्टी वापरावी, आणि घरी हेच काम गोंदाने कसे करावे ते तोंडी सांगावे: पुठ्ठ्याच्या तुकड्याने अगदी पातळ थर पसरायचा आणि वस्तू जड पुस्तकाखाली वाळू द्यायची.

मोठी माणसे थोडा वेळ पाहतात आणि मग विचारतात की याचा उपयोग काय. हा प्रश्न टाळू नये, त्याला मनापासून उत्तर द्यावे, आणि त्यासाठी एक मिउरा घडी घातलेला कागद जवळ ठेवावा. जपानी अभियंते कोर्यो मिउरा यांनी मांडलेल्या या घडीत तिरप्या समांतरभुज चौकोनांची जाळी असते, त्यामुळे समोरासमोरचे दोन कोपरे धरून एकदा ओढले की सारा कागद एकाच हालचालीत उलगडतो आणि ढकलला की तसाच मिटतो. 1995 मध्ये अवकाशात सोडलेल्या जपानच्या स्पेस फ्लायर युनिटमध्ये सौर पटलासाठी ही घडी वापरली गेली. पण हे बोलण्याआधी कागद त्यांच्या हातात द्या. दोनदा उघडून-मिटून पाहिल्यावर ते स्वतःच पुढचे विचारतात, आणि मग सांगितलेले लक्षात राहते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. मासू, करकोचा, पेला असे पारंपरिक नमुने सगळ्यांचे आहेत. मात्र तुमचा ड्रॅगन जर एखाद्या आधुनिक रचनाकाराचा असेल, तर त्याच्याजवळ त्या रचनाकाराचे नाव लिहिलेली पट्टी असावी. त्याच्या घड्यांच्या आकृतीच्या प्रती लोकांना वाटायच्या असतील किंवा त्या नमुन्याच्या वस्तू विकायच्या असतील, तर आधी रचनाकाराची परवानगी घ्यावी लागते. मेळ्यात लोक सर्रास फोटो काढतात आणि ते फोटो नावाशिवाय फिरतात, म्हणून नावाची पट्टी वस्तूच्या इतकी जवळ ठेवावी की ती फोटोत आपोआप येईल. विक्रीबाबत आयोजकांचा नियम वेगळा असू शकतो. परवानगी असली तरी विकायच्या वस्तू टेबलाच्या एका टोकाला ठेवाव्यात, कारण लोकांना विक्रीचा संशय आला की ते कागद हातात घ्यायला कचरतात.

दोन तासांची आखणी करताना सलग दोन तास काम करायचे असे समजू नका. साधारण दहा-बारा मिनिटांचे एक आवर्तन धरा: दोन-तीन मिनिटे पायरीचे कार्ड करून दाखवायचे, पाच-सहा मिनिटे लोकांकडून करून घ्यायचे, आणि उरलेल्या वेळात टेबल आवरून, कात्रणे गोळा करून, पाणी पिऊन पुढच्या आवर्तनाची तयारी करायची. गर्दी नसताना रिकामे बसू नये, हळूहळू दाबरेघा ओढत राहावे, कारण चालता माणूस चालत्या हाताकडे वळतो. मदतीला एक व्यक्ती मिळाली तर तिच्याकडे कागद वाटण्याचे आणि कात्र्या मोजून परत घेण्याचे काम द्यावे, शिकवण्याचे नव्हे. शेवटची पंधरा मिनिटे नवे काही सुरू न करता आधी बसलेल्यांच्या वस्तू पूर्ण करून घेण्यासाठी राखून ठेवावीत, आणि ज्यांची वस्तू तरीही अपुरी राहील त्यांना टप्प्यांच्या पट्टीचा फोटो काढून घ्यायला सांगावे, म्हणजे उरलेल्या घड्या त्यांना घरी घालता येतील.